केसपेपरवरचे ‘निल’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर गेल्या महिन्यात कर्करोगावर जो लेख आला, त्यात ‘कर्करोग बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो’ असे एक वाक्य होते. वाक्य बरोबर आहे आणि धास्तावलेल्या नातेवाइकांना धीर यावा म्हणून ते लिहायलाही हवे. परंतु त्या ‘बहुतेक’च्या बाहेर जी थोडी घराणी उरतात, त्यांपैकी एक आमचे आहे, आणि आपण त्या थोड्यांतले आहोत हे कळायला आम्हाला चार पिढ्या लागल्या. उशीर का झाला, एवढेच या पत्रात सांगायचे आहे.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिच्या दोन्ही तळहातांवर टाचणीच्या डोक्याएवढे उथळ खळगे होते. वखारीतली बारीक पूड त्यांत बसायची आणि संध्याकाळी राख लावून, साबण लावून हात कितीही घासले तरी ते तपकिरी ठिपके जात नसत. आम्ही भावंडे ते ठिपके मोजत असू. उजव्या हातावर एकोणीस होते, एवढे अजून आठवते. ‘तंबाखू हाडात मुरली’ असे ती हसून म्हणायची आणि ते सगळ्यांना पटायचेही, कारण वखारीत राबणाऱ्या बाईचे हात असे असणारच. तिच्याच शेजारी बसून तंबाखू चाळणाऱ्या बायकांचे हात तसे नव्हते, ही गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आली नाही. पुढे तिच्या नाकपुडीच्या कडेला एक काळसर पुळी आली. ती खपली धरायची, खपली निघाली की रक्त यायचे आणि पुन्हा खपली धरायची. हळद झाली, कोरफड झाली, कुणी सांगितले म्हणून चुनाही लावून झाला. नाकपुडीची कड हळूहळू झिजत गेली. १९९१ मध्ये ती हृदयविकाराने गेली तेव्हा ती जखम तशीच होती, आणि तिला कधी कुठल्या दवाखान्यात दाखवले नव्हते.

थोरल्या भावाचे गालफड सोळाव्या वर्षी सुजले. दाढ किडली असेल म्हणून ती काढली, आतली गाठ खरवडली आणि काही वर्षांनी ती गाठ दुसऱ्या बाजूला आली. १९९४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याजवळ काळा, मध्ये खळगा आणि कडेने चकाकणारा एक फोड आला. तपासणीत तो बेसल सेल कार्सिनोमा निघाला. हा त्वचेचा कर्करोग सहसा अंगभर पसरत नाही, जिवावर बेतण्याचे प्रसंगही क्वचितच येतात, पण आहे त्या जागी तो आजूबाजूचे मांस कुरतडत जातो. जागा डोळ्यालगतची असल्याने शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार ठरले. फोड विरला आणि आम्ही सौंदत्तीला जाऊन नवस फेडून आलो. पाचएक वर्षांनी कानशिलापासून गालापर्यंत जेवढ्या पट्ट्यावर किरण पडले होते, बरोबर तेवढ्याच चौकोनात बारीक काळ्या पुळ्यांचे पीक उगवले. त्या चौकोनाची कड इतकी सरळ होती की फूटपट्टी ठेवून आखल्यासारखी दिसे. त्या पुळ्या एकामागून एक काढाव्या लागल्या. आजवर तेवीस काढल्या आहेत.

पुतण्याचे गालफड विसाव्या वर्षी सुजले. त्याची शस्त्रक्रिया २००३ मध्ये हुबळीला झाली. काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या अहवालात ‘ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट’ (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी जबड्यातली पोकळ गाठ) असे दोन शब्द होते. तो अहवाल आम्ही घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि तिथे तो वीस वर्षे पडून राहिला.

उलगडा झाला २०२३ मध्ये, आणि तो कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे न होता दातांच्या दवाखान्यात झाला. माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नात, बारा वर्षांची होऊनही तिचा एक सुळा येईना, म्हणून तिला बेळगावला नेले होते. मीही सोबत होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, ज्याला दंतवैद्य ओपीजी म्हणतात. त्यात एक नव्हे, तीन काळ्या पोकळ्या दिसल्या. दोन खालच्या जबड्यात, एक वरच्या. ते गृहस्थ कन्नडभाषक. त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडावर धरला, आमच्याकडे वळले आणि मोडक्या मराठीत विचारले, ‘घरात आणि कुणाला असं झालं हाय काय?’ पुतण्याने स्वतःची हुबळीची शस्त्रक्रिया सांगितली, मी भावाची दाढ आणि डोळ्याजवळचा फोड सांगितला. त्यावर त्यांनी पोरीला कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे हात बुडवून बसायला लावले. हात बाहेर काढले तेव्हा ओलाव्याने फुगलेल्या पांढुरक्या तळहातावर लालसर खळगे स्पष्ट उठून दिसत होते. मग त्यांनी पुतण्याला हात बुडवायला सांगितले. त्या भांड्याकडे बघताना मला आईचे हात आठवले आणि मी उठून बाहेर जाऊन बसलो.

या आजाराला गॉर्लिन सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले रॉबर्ट गॉर्लिन आणि त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये जबड्यातील गाठी, त्वचेवरचे अनेक बेसल सेल कर्करोग आणि दुभंगलेल्या बरगड्या या वरवर असंबद्ध दिसणाऱ्या गोष्टी एकाच दोरीत ओवून दाखवल्या. यांतले गॉर्लिन हे शिक्षणाने दंतवैद्य होते, हे वाचल्यावर बेळगावच्या त्या डॉक्टरांविषयीचा माझा आदर आणखी वाढला. इंग्लंडच्या वायव्य भागात झालेल्या पाहणीत सुमारे ३१ हजार लोकांमागे एकाला हा आजार आढळला होता. म्हणजे तो दुर्मीळ खराच, पण बेळगावसारख्या अवाढव्य जिल्ह्यात आमचे घर एकटेच असेल, असे मानायला काही कारण दिसत नाही.

आजाराचे मूळ नवव्या गुणसूत्रावरील पीटीसीएच-१ नावाच्या जनुकात असते; हा दुवा १९९६ मध्ये सापडला. काही थोड्या घराण्यांत एसयूएफयू या दुसऱ्या जनुकात बिघाड असतो. मी विज्ञान शिकवत असे, त्यामुळे माझ्या शिक्षकी पद्धतीनेच सांगतो. पेशीने कधी वाढावे आणि कधी थांबावे, यावर नजर ठेवणारा हा ब्रेक आहे, आणि सायकलच्या ब्रेकप्रमाणे तो प्रत्येक पेशीत दोन ठिकाणी असतो: एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आमच्या घरातल्या बाधित माणसांचा एक ब्रेक जन्मतःच निकामी असतो. दुसरा शाबूत आहे तोवर सायकल चालते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे किंवा अन्य कारणाने एखाद्या पेशीतला दुसराही तुटला की ती पेशी उतारावर सुटते. साध्या माणसाचे दोन्ही ब्रेक एकाच पेशीत तुटायला आयुष्य जावे लागते, म्हणून हा कर्करोग एरवी म्हातारपणी आणि एखादाच होतो. इथे तो तरुणपणी आणि अनेक ठिकाणी होतो.

किरणोपचाराने भावाचे काय झाले, तेही यावरून कळेल. जे किरण फोड जाळण्यासाठी सोडले, तेच आजूबाजूच्या हजारो पेशींतले शिल्लक ब्रेक तोडत गेले. गॉर्लिनच्या रुग्णाला शक्यतो किरणोपचार देऊ नयेत, हा आज जगभर मान्य असलेला नियम आहे. ज्या डॉक्टरांनी ते दिले, त्यांना मी दोष देत नाही. साध्या बेसल सेल कर्करोगात, विशेषतः डोळ्यालगत, ते उपचार योग्यच ठरतात. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावर ‘फॅमिली हिस्टरी – निल’, म्हणजे घराण्यात असा आजार कुणालाही नाही, असे लिहिलेले होते.

माझी खरी तक्रार या ‘निल’विषयी आहे. नातीचे निदान झाल्यावर मी ट्रंकेतले सगळे कागद काढून अंगणात वाळवणासारखे मांडले. निपाणी, मिरज, कोल्हापूर, हुबळी, बेळगाव. भावाचे एकूण अकरा केसपेपर मिळाले. त्यांतल्या नऊंवर ‘निल’ होते आणि दोनांवर ती ओळ रिकामीच होती. भावाला विचारले, तर तो म्हणाला की हा प्रश्न त्याला एकदाही कुणी विचारला नाही. नाव, वय, गाव, बीडी ओढता का, तंबाखू खाता का, एवढे विचारून शिकाऊ डॉक्टर पुढच्या रांगेकडे वळत. विचारला असता तरी उत्तर काय आले असते, हाही प्रश्नच आहे. ‘घरात कुणाला कॅन्सर आहे का’ असे विचारल्यावर त्याने नाहीच म्हटले असते, कारण आईच्या नाकावरच्या पुळीला आम्ही कधी कॅन्सर म्हटलेच नव्हते. म्हणून प्रश्न कसा विचारला जातो, यालाही महत्त्व आहे. बेळगावच्या त्या डॉक्टरांनी आजाराचे नाव घेतले नाही. जे समोर दिसत होते ‘असं’ आणखी कुणाला झाले का, एवढेच विचारले, आणि ते आमच्या भाषेत विचारले. सीमाभागातल्या भाषेच्या वादात मला या पत्रातून शिरायचे नाही. पण रुग्णाशी त्याच्या भाषेत चार वाक्ये बोलण्याने काय साधते, हे मी त्या दिवशी पाहिले, आणि ती चार वाक्ये एका कन्नड माणसाने बोलली होती.

सीमाभागातल्या आजाऱ्याची आणखी एक अडचण आहे. आमचे दवाखाने दोन राज्यांत विखुरलेले असतात. दात जवळच्या गावी, त्वचा मिरजेला, शस्त्रक्रिया हुबळीला, योजनेचे कार्ड चालते तिथे पुढचे उपचार. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे जाहीर केले, त्यावरून दोन्ही सरकारांत जुंपली आणि सामान्य माणूस कुठले कार्ड कुठे चालेल हे विचारत फिरत राहिला. पैशाची सोय कुठल्याही बाजूने होवो, पण एका राज्यातला कागद दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांच्या टेबलावर आपोआप जात नाही, तो रुग्णालाच पिशवीतून न्यावा लागतो, आणि पिशवीत काय न्यायचे हे त्याला कुणी सांगत नाही. आम्ही दर वेळी फक्त चालू आजाराचा कागद नेत होतो. त्वचेच्या डॉक्टरांपुढे जबड्याचा अहवाल कधी ठेवलाच नाही, कारण दातांचा आणि कातडीचा संबंध असेल असे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सुचणार होते?

आता लोकांच्या बोलण्याविषयी. भावाच्या चेहऱ्याकडे बघून कुणी देवीचा कोप म्हटले, कुणी कुळाला लागलेला दोष म्हटले, आणि जरा शिकलेल्यांनी नात्यातल्या लग्नांकडे बोट दाखवले. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्ने होतात आणि त्यामुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे खरेच आहे. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा त्वचेच्या कर्करोगाचाच आणखी एक घराण्यातला आजार त्या प्रकारचा आहे: आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो, त्या मुलांची कातडी थोड्याशा उन्हाने होरपळते, तोंडावर दाट ठिपके येतात आणि वयाच्या दहा वर्षांच्या आतसुद्धा कर्करोग होऊ शकतो. गॉर्लिनचे गणित निराळे आहे. इथे एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. शिवाय २० ते ३० टक्के रुग्णांत तो आईवडिलांपैकी कुणाकडेही नसतो, त्या व्यक्तीतच पहिल्यांदा उद्भवतो. तेव्हा नात्यातल्या लग्नावर याचे खापर फोडता येत नाही, आणि सुनेच्या माहेरावर तर नाहीच नाही. आमच्या वहिनीने ते बोलणे तीस वर्षे ऐकून घेतले आहे. दोष आमच्याच आईकडून आलेला होता, हे रक्ताच्या तपासणीनंतर मी तिला सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

माझीही तपासणी झाली. माझ्यात तो दोष नाही. हा आजार सहसा पिढी गाळून पुढे जात नाही, त्यामुळे माझ्या मुलांना त्याची भीती उरली नाही. ही सुटका मला मिळाली आणि भावाला मिळाली नाही, याला काहीही कारण नाही.

त्वचेविषयी एक गोष्ट आवर्जून लिहितो. या आजाराची बहुतेक चित्रे गोऱ्या माणसांची असतात आणि त्यांत गुलाबी, मोत्यासारखे चमकणारे फोड दिसतात. सावळ्या कातडीवर हे कर्करोग त्या मानाने कमी होतात, पण जे होतात ते बहुधा काळे असतात आणि तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिले जातात. त्यामुळे आपल्याकडे आजाराची पहिली खूण पुष्कळदा जबड्यातच सापडते, तीही दहा ते वीस वर्षांच्या वयात. ज्या मुलाच्या जबड्यात एकाहून अधिक गाठी निघतात किंवा काढलेली गाठ परत येते, त्याचे तळहात बघायला दंतवैद्याला एक मिनिट लागते. कपाळ पुढे आलेले असणे, डोके वयाच्या मानाने मोठे असणे, छातीच्या एक्स-रेत बरगडीला फाटा दिसणे, मेंदूच्या मधल्या पडद्यावर लहान वयात चुना साठलेला दिसणे, अशा इतरही खुणा असतात. पण तळहाताला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

या घराण्यांतल्या तान्ह्या मुलांबाबत तर घाई करायला हवी. काही मुलांना पहिल्या काही वर्षांत मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग होतो. पीटीसीएच-१ मधील दोष असलेल्यांत हे प्रमाण शेकडा दोनाहून कमी आहे. एसयूएफयूचा दोष असेल तर ते कितीतरी जास्त आहे. मेंदूच्या या कर्करोगावर एरवी किरणोपचार हा मोठा आधार असतो आणि नेमके तेच इथे टाळायला बघावे लागते. म्हणून घराण्याची ही माहिती मुलाच्या डॉक्टरांना उपचार ठरण्याच्या आधी मिळाली पाहिजे.

उपचार नाहीत असे कृपया कुणी समजू नये. गाठी आणि फोड वेळेवर, लहान असताना काढता येतात, वरवरच्या फोडांवर मलम किंवा शीत उपचार चालतात. फार पसरलेल्या आजारासाठी व्हिस्मोडेगिब नावाचे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले. ते त्या सुटलेल्या वाढीलाच लगाम घालते, पण स्नायूंत गोळे येतात, चव जाते, केस गळतात, औषध थांबवल्यावर फोड पुन्हा उगवू शकतात आणि गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो. नातीचे सध्या एवढेच चालले आहे: वर्षातून एकदा जबड्याचा एक्स-रे, त्वचेची तपासणी, आणि उन्हात जाताना लांब बाह्या, टोपी आणि मलम. शाळेत कवायतीच्या तासाला तिला सावलीत बसू द्यावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली तेव्हा त्यांनी विचारले, ‘ॲलर्जी आहे का?’ मी हो म्हणालो. शिक्षक असून खोटे बोललो, पण कर्करोग हा शब्द शाळेच्या आवारात सोडायची माझी तयारी नव्हती.

जिल्ह्यातल्या आणि सीमेपलीकडच्या दवाखान्यांना माझी विनंती एवढीच आहे की केसपेपरवरची ती ओळ विचारल्याशिवाय ‘निल’ने भरू नये; वेळ नसेल तर रिकामी ठेवावी, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना ती विचारायची राहिली आहे हे तरी कळेल. दंतवैद्यांनी काढलेल्या गाठीचा अहवाल रुग्णाच्या हाती देताना, हा कागद पुढे कुठल्याही डॉक्टरांना दाखवा, असे एक वाक्य मराठीत वा कन्नडमध्ये सांगावे. ज्या घरांना आमच्यासारखी शंका येते, त्यांनी जनुकीय सल्ल्यासाठी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली केंद्र म्हणून नेमलेल्या बंगळूरच्या सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्सकडे किंवा मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे विचारणा करावी. आपल्या भागातून दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने जाता येते. जाताना आजी-आजोबांपासूनचे सगळे कागद सोबत न्यावेत, दातांचेही.

आम्ही आता एक फाईल केली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी मराठीत आणि इंग्रजीत घराण्याचा तक्ता काढला आहे आणि खाली लाल शाईत ‘किरणोपचार टाळावेत’ असे लिहिले आहे. तक्त्यात आईच्या नावापुढे ‘तळहातावर खळगे, नाकावर न भरणारी जखम, तपासणी नाही’ अशी नोंद आहे.

नातीचे पुढे लग्न व्हायचे आहे आणि आपला समाज कसा आहे हे आपण जाणताच. म्हणून हे पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
निपाणी, जि. बेळगाव